कुत्रा सापडेना

वाचनात कच्ची म्हणून चिमणीला नेमकं गोष्टीच्या तासालाच शेजारच्या खोलीत जादा शिकवणीला जावं लागे. आज ती दारातच रेंगाळली.

"बाई, गोष्टीतला कुत्रा आज सापडला तर?"

"तू वाचायला शीक आधी," म्हणत बाईंनी तिला पिटाळलं आणि पुस्तक उघडलं.

पण वर्गाच्या डोक्यात आज काही शिरेचना.

"बाई, नाही समजलं. परत वाचा ना."

कुत्रा पुन्हा पुन्हा हरवत राहिला. बाईंचा घसा बसला. "अख्ख्या वर्गालाच जादा शिकवणी लावते आता!"

इतक्यात शिकवणी आटोपून चिमणी धापा टाकत आली आणि जागेवर बसली.

"बाई," मागच्या बाकावरून आवाज आला, "आता समजलं सगळ्यांना. सापडू द्या त्याला."