साहेबाला दाखवायची चूल

शिवगंगानं पदराचा शेव वाऱ्यावर सोडला, तो कुठं उडतोय ते बघितलं आणि मडिवाळप्पा गवंड्याला सांगितलं, चुलीचं तोंड मावळतीला घ्या. म्हणजे वारा पाठीवर येईल आणि धूर लिंबोणीकडं निघून जाईल. न्हाणीच्या आडोशाला उभी असलेली तिची सासू गुरम्मा हे ऐकून चरकली. चार दिवसांत पाडायच्या चुलीला धुराची एवढी काळजी कशाला?

परसात चूल मांडायची ही अक्कल खुद्द गुरम्माचीच. लातूर नवा जिल्हा झाला, पण पाऊस काही नव्या जिल्ह्यात यायला तयार नव्हता. देवणीत टँकर येई आणि दर चुलीमागं चार घागरी पाणी मिळे. त्यात माणसांचं कसंबसं भागे, दावणीची गाय मात्र तहानलेली राही. गाय विकायला गुरम्मा मेली तरी तयार नव्हती. मग तिनंच डोकं लढवलं. परसात सुनेची वेगळी चूल उभी करायची. तहसिलीचा साहेब बघून, लिहून गेला की पाडून टाकायची. मुलगा चन्नबसप्पा वर टाकायला पत्रे घेऊन आला, सून मान हलवून हो म्हणाली. इथवर सगळं ठीक होतं.

पण सून फारच मन लावून कामाला लागली. गुरम्मा म्हणाली, उकिरड्याजवळ तीन दगड मांडा, झालं. शिवगंगा म्हणाली, तिथं माश्या होतात अव्वा, तिथं कुणी रांधतं हे साहेबाला पटायचं नाही. तिनं कढीपत्त्याच्या सावलीतली जागा धरली. ओटा उभ्यानं रांधायचा, लातुरात साहेब लोकांच्या घरी असतो म्हणे तसा. त्याची उंची तिनं आपल्या कोपराला लावून घेतली. भांडी घासलेलं पाणी लिंबोणीच्या आळ्यात जावं म्हणून चर काढून घेतला. वर आणखी मीठ-मिरचीला हाताशी कोनाडा मागितला. चार दिवसांच्या चुलीला कोनाडा!

दोन चुली झालेलं घर पुन्हा एक झालेलं तिनं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. चन्नबसप्पा एकुलता एक. तो बायकोच्या ओट्याशी जेवायला लागला तर आपण आत भिंतीकडं तोंड करून एकटीनं घास गिळायचे की काय, या विचारानं तिला अन्न गोड लागेना. मग तिनं पाळतच ठेवली. नवरा-बायको परसात बोलताना दिसले की ती मुद्दाम खोकत जाई. एकदा मुलाला आडून आडून विचारलंही, हे ओट्याचं खूळ तुझं की तिचं? तो म्हणाला, मला काय कळतंय चुलीतलं. गुरम्माला त्याचाही भरवसा वाटेना.

साहेबापुढं काय बोलायचं तेही तिनंच सुनेला शिकवलं होतं. वेगळ्या का झालात असं विचारलं तर सांगायचं, सासूचं माझं जमत नाही, लई जाच करती. रोज सकाळी ती सुनेकडून एवढं म्हणवून घेई. शिवगंगा खाली बघून पुटपुटे. गुरम्मा वैतागे. असं मेल्यागत बोललीस तर कुणाला खरं वाटेल गं?

सोमवारी साहेब वही घेऊन आला. ओटा बघितला, चुलीतली राख काडीनं उकरून बघितली आणि शिवगंगाला विचारलं, वेगळ्या का झालात बाई?

"सासूचं माझं जमत न्हाई," शिवगंगा म्हणाली. "लई जाच करती."

शिकवलेलं तिथं संपत होतं. गुरम्माचा जीव भांड्यात पडला. पण शिवगंगा थांबली नाही, आणि आता ती खालीही बघत नव्हती.

"सहा वर्सं झाली साहेब, ताजी भाकर कशी लागती ते इसरले. समद्यांचं झाल्यावर उरली तर खायाची, गार. मिठाचा डबा अव्वाच्या उशाला ऱ्हातो, चिमूट लागली तरी मागून घ्यायची. गेल्या साली माझा बाप गेला. तिसऱ्या दिवशी सांगावा आला, हितं भाकरी कोन थापनार म्हनून. मी आईला तशीच रडती टाकून आले."

साहेबाचं पेन जागच्या जागी राहिलं. एवढं लिहायला त्याच्या वहीत रकानाच नव्हता. दोन चुली, असं लिहून तो कुणाकडं न बघता निघून गेला.

गुरम्माला आधी वाटलं, काय बेमालूम सोंग आणलं पोरीनं! मग एकेक आठवायला लागलं. डबा आत्ताही उशालाच होता. सांगावा तिनंच धाडला होता आणि तेव्हा त्यात तिला काही वावगंही वाटलं नव्हतं. इतके दिवस ती सुनेच्या डोळ्यांत लेकाला पळवायचा डाव शोधत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेकडं बघायचीही लाज वाटली.

तेवढ्यात चन्नबसप्पा हसत हसत पहार घेऊन आला. त्यानं ओट्याच्या कडेला पहारीचं टोक लावलं. अव्वा, लई भारी शिकवलंस हिला, म्हणाला, पाडू का आता? शिवगंगा ओट्यावर उडालेली राख फडक्यानं पुसत राहिली.

गुरम्मा पुढं झाली आणि तिनं पहार धरली.

"खाली ठेव ती," ती लेकाला म्हणाली. "चूल खरी हाय."