तिसरं उत्तर

"एकसष्ट टक्के!" डॉ. नीलांबरींनी लॅपटॉप टेबलावर आपटलाच. "बॅटरी एकसष्ट टक्के दाखवत होता आणि फटकन विझला. लाईट गेलेली. मी शेजारच्या खोलीत दुसरीला टाके घालत होते. बाळाचे ठोके घसरले की घंटा वाजेल, या भरवशावर. कुठली घंटा! आले तेव्हा हा काळा पडलेला."

शेवगावच्या त्या लहानशा प्रसूतिगृहात वृषाली मान खाली घालून उभी होती. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकणारं, या लॅपटॉपवर चालणारं हे यंत्र तिच्या कंपनीचं, नगरच्या एमआयडीसीत बनलेलं. लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टिमही तिथलीच, आणि तिच्यातला बॅटरीचा भाग वृषालीनं एकटीनं लिहिलेला. सकाळी फोन आला तशी ती आणि मालक शामकांत जीपनं निघाले होते.

"बाळ?" तिनं विचारलं.

"नगरला हलवलंय. श्वास चालू आहे. रडलेलं नाही."

दाराशी बाळाची आजी, गोजरबाई, उभी होती. "माझी पोर इचारती, लेकराला का न्हेलं म्हून. काय सांगू तिला?"

वृषालीनं डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी शामकांतकडे. उत्तराची वाट बघून म्हातारी आत निघून गेली.

लाईट आली होती. वृषालीनं लॅपटॉपची वायर लावली, तो सुरू केला आणि आपण लिहिलेलं उघडून वाचू लागली. आपलंच काहीतरी चुकलं असणार, अशी तिला भीती होती.

ठोके ऐकणारा प्रोग्रॅम बॅटरीशी स्वतः बोलत नसे. तो ऑपरेटिंग सिस्टिमला विचारी आणि ती सांगेल ते खरं धरी. तिला वृषालीनं तीन उत्तरं दिली होती. इतके टक्के उरले. चार्जिंग चालू आहे. आणि तिसरं, माहीत नाही. बॅटरीतली चिप तापली की कधीकधी गप्प बसते. मग हे तिसरं उत्तर जायचं, आणि प्रोग्रॅमनं कर्कश ठणाणा करायचा, की यंत्रावर विसंबू नका, जवळ थांबा.

तिसरं उत्तर तिथं नव्हतं. त्या जागी दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं होतं: चिप गप्प असेल तर शेवटचा आकडा पुन्हा सांग.

तिनं लॅपटॉप शामकांतकडे वळवला.

"सर, हे कुणी बदललं?"

"मीच सांगितलं ऑफिसातल्या अवधूतला," शामकांत हळू आवाजात म्हणाले. "सारखं आपलं 'माहीत नाही, माहीत नाही'. गिऱ्हाइकाला वाटतं, यंत्र बिघडलं. आकडा दिसला की माणूस निर्धास्त होतो. बाहेर चल, तिथं बोलू."

"इथंच बोलू. निर्धास्त झाल्या ना मॅडम! म्हणून तर शेजारच्या खोलीत गेल्या."

"आवाज खाली. बॅटरी काय, कुणाचीही संपते. पेशंटपाशी कुणीतरी थांबायला हवं होतं..."

"म्हणजे माझ्यावर ढकलताय?" डॉ. नीलांबरी खुर्चीतून उठल्या.

"तुमची चूक नाही, मॅडम," वृषाली म्हणाली. "किती बॅटरी उरलीय ते या लॅपटॉपला ठाऊकच नव्हतं. आणि ठाऊक नाही असं आम्ही त्याला म्हणू दिलं नाही. माझ्या कामात हात घातला आणि मला कळवलंसुद्धा नाही."

"वृषाली!" शामकांतनी दटावलं.

"अशी यंत्रं आणखी कुठंकुठं दिलीत?" डॉक्टरांनी शामकांतना विचारलं.

"श्रीरामपूर. देवळाली प्रवरा. पाथर्डी," वृषालीनं सांगितलं आणि टेबलावरचा फोन पुढे ओढला.

तिनं रिसिव्हर उचलला तसं शामकांतनी खटक्यावर बोट दाबून धरलं. "कंपनी बसेल. तुझी नोकरीही जाईल. विचार कर."

"बोट काढा."

"आधी ऐकून घे..."

तिनं त्यांचं मनगट धरलं आणि हात बाजूला सारला. मालकाच्या अंगाला ती पहिल्यांदाच हात लावत होती. शामकांत एक पाऊल मागे सरले. तिनं श्रीरामपूरचा नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, आणि मग कुणीतरी बाई बोलली.

"हॅलो, शेवगावहून वृषाली बोलतेय, ठोक्यांच्या यंत्राच्या कंपनीची," ती ओरडूनच म्हणाली. "ते यंत्र आत्ता कुणाच्या पोटाला लावलंय का?"