टॉकीजबाहेर दिलेलं मत

"काल टॉकीजबाहेर माइकवर बोलले ते तुम्हीच ना, मास्टर?"

दुकानात शिरलेल्या माणसानं हे विचारलं तेव्हा दुलीचंद टेलर एका पँटची शिलाई उसवत होता. ब्लेड बोटाला लागता लागता राहिलं. पन्नाशीचा माणूस, केस बारीक कापलेले, दाढी गुळगुळीत, पायात काळे बूट. दुलीचंदनं ब्लेड बाजूला ठेवलं. सकाळपासून ज्याची धास्ती घेतली होती तो पोलीस साहेब शेवटी आला होता.

"हौ," तो म्हणाला. "असंच. पिक्चर पाहून निघालो, यूट्यूबवाल्यानं माइक धरला समोर."

खरं म्हणजे दुलीचंदला त्या माइकचा चस्काच होता. मध्य प्रदेशातल्या ह्या बालाघाटला नवा पिक्चर लागला की हा हजर, आणि बाहेर यूट्यूबवाला दिसला की केसांवरून कंगवा फिरवून मुद्दाम त्याच्या समोरून जाणार. नट खोटा रडला, गाण्याला कात्री लावायला हवी होती, पुढच्या महिन्यात येणारा पिक्चर तर नक्की आपटणार. सगळं एका दमात सांगून टाकायचं. लोक हसायचे, ह्यालाही बरं वाटायचं. पण कालचा पिक्चर पोलीस आणि नक्षलींचा होता, आणि काल त्याची जीभ घसरली. नक्षली लाथ मारून घरात घुसतात तो सीन खोटा आहे, असं तो म्हणाला. "दरवाजा कौन तोड़ता है भाई?" ते लोक अंगणात उभे राहून हळू आवाजात भात मागतात, आणि जेवण झालं की आपापली थाली धुऊन पालथी घालतात.

सकाळपर्यंत अख्ख्या जिल्ह्यानं ते पाहिलं. चहा देताना बायकोनं, साधनानं, विचारलं, "थाली धुतेत हे तुम्हाले कसं मालूम?" ती कटंगीकडची, तिकडे नक्षली फारसे नव्हते. दुलीचंदचं गाव लांजीच्या पलीकडे, जंगलाला लागून. तो शाळेत असताना ते लोक एकदा त्याच्या घरी जेवून गेले होते. हे त्यानं तिलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. बापानं तेव्हाच बजावलं होतं, पोलिसांच्या कानावर गेलं तर पोलीस नेतील, आणि आपण बोललो हे नक्षलींना कळलं तर ते नेतील. आता जंगल शांत झालंय म्हणतात. दुलीचंदची भीती काही शांत झाली नव्हती.

"शर्ट शिवाचा होता," तो माणूस म्हणाला. "पण पहिले एक सांगा. ते थालीचं कोणी सांगतलं तुम्हाले?"

दुलीचंदनं गळ्यातला टेप काढला. हाताला काहीतरी काम हवं होतं. "कोणी नाही, साहेब. लोकं बोलतेत, आपण ऐकतो."

"तुमच्या घरी आलते?"

"नाही." हे इतक्या जोरात निघालं की बाहेर ऑटोत बसलेल्या माणसानं मान वळवली. दुलीचंदनं आवाज खाली आणला. "आमच्या घरी कोणी नाही आलं, साहेब. कधीच नाही. मायची शपथ घेऊन सांगतो."

माणूस मापासाठी हात पसरून उभा राहिला. दुलीचंदनं खांद्याचं माप घेतलं, बाहीचं घेतलं, आणि दोन्ही आकडे लगेच विसरला. परत घेतलं. त्याला ठाण्यातलं बाकडं दिसत होतं, आणि ठाण्याच्या फाटकाबाहेर उभी असलेली साधना.

"बरं केलं," माणूस हळूच म्हणाला. "कोणीबी विचारलं त हेच सांगजो. बिलकुल असंच. पोलीस विचारो का बायको विचारो."

दुलीचंदनं मान वर केली. साहेब लोक असं बोलत नाहीत.

"दिवाळीले त्या पिक्चरचाच दुसरा भाग येऊन राह्यला म्हणतेत. पाहाले जाजो. पण माइक समोर आला त गाण्यावर बोल, हिरोइनीवर बोल. जंगलावर नको बोलू."

"हौ," दुलीचंद म्हणाला. छातीचं माप तेवढं राहिलं होतं. त्यानं टेप त्या माणसाच्या पाठीमागून पुढं आणला.

"माय हाय का तुही?"

"हाय. गावालेच राह्यते."

"त्या दिवशी भात कमी पडला होता. तिनं आपल्या वाटचा मले देल्ला. तू दाराच्या आडून पाहून राह्यलता." "मी आता किरनापूरले किराणा दुकान चालवतो. घरी कोणालेच मालूम नाही. काल माही पोरगीच तुहा व्हिडिओ मले दाखवून हसून राह्यलती."

टेपची दोन्ही टोकं धरून दुलीचंदची बोटं त्या माणसाच्या छातीवर तशीच राहिली. आकडा समोर होता, पण वाचता येईना. टेप थरथरत होता. आपलेच हात कापताहेत असं त्याला आधी वाटलं, म्हणून त्यानं ते घट्ट आवळले. तरी टेप थरथरतच राहिला. खाली त्या माणसाचं काळीज धडधडत होतं.