पश्चिमेच्या खोलीतला एक

पश्चिमेच्या खोलीचा आकडा पुन्हा लाल आला. मॉडेलवालीने खुर्चीतच मान मागे टाकली.

"सर, सव्विसाच्या जागी अठ्ठावीस टाकून बघू का?"

"सकाळी टाकून बघितलं मी. हिरवं येतं." सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पण म्हातारी माणसं राहतात तिथे सव्वीस अंशांच्या वर चालत नाही. नियम आहे. फाइल परत येईल."

इमारतींची मॉडेलं संगणकात तीच करायची, म्हणून ऑफिसात तिला मॉडेलवाली म्हणायचे. तिच्या एका मामांचा त्यावरून झालेला गैरसमज अजून पुरता गेलेला नव्हता. सध्याची इमारत वृद्धाश्रमाची होती. तिथे पहिल्यांदाच थंड हवेची यंत्रणा बसणार होती. पण मंजुरीसाठी आधी संगणकात अख्खी इमारत उभी करायची, वर्षभराचं ऊन तिच्यावर पाडायचं आणि दाखवून द्यायचं, की ट्रस्टला झेपेल एवढ्याशा मशीनवरही कुठल्याच खोलीत माणूस उकडून निघत नाही. बाकीच्या खोल्या शहाण्यासारख्या हिरव्या झाल्या होत्या. घोडं पेंड खात होतं ते वरच्या मजल्यावरच्या या एका खोलीपाशी. दुपार कलली की ही बया तापायची म्हणजे तापायचीच.

आज संध्याकाळपर्यंत अहवाल गेला नाही, तर पुढचा उन्हाळाही तिथल्या सगळ्यांनी पंख्याखालीच काढायचा. त्या सगळ्यांत सरांची आईही होती. याच खोलीत, खिडकीला लागून तिची कॉट होती. ऑफिसात हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कोणी तो विषय काढत नव्हतं.

"माणसं कमी कर," सर म्हणाले.

"खोलीतली?"

"दुपारची. माणसाच्या अंगाचीही ऊब असतेच की."

तिने दुपारच्या रकान्यात सहाचे तीन केले. प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून ऊन मोजायला बसला. तो मोजेपर्यंत दोघांनी आळीपाळीने जांभया दिल्या. लाल. तिने तिनाचा एक केला. पुन्हा लाल, आणि आकडाही जवळजवळ तेवढाच.

"एका माणसाने असं काय होतंय?" सर वैतागले.

"एकानेच होतंय, सर. खोलीत कोणी असेल, तेव्हाचेच सव्विसाच्या वरचे तास हा मोजतो. सहा असोत की एक, याला सगळं सारखं. कोणीच नसेल, तर मग खोलीची भट्टी होऊ दे, याची काही तक्रार नाही."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ते पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर खोली म्हणजे नुसता एक खोका होता. त्याला एक खिडकी होती, कॉट नव्हती.

"चारला सगळे खाली चहाला जातात," ते म्हणाले. "मग पत्ते खेळतात, गप्पा मारतात. ऊन उतरल्यावरच वर येतात. तसं लिही."

"सगळे जातात?"

विचारलं आणि लगेच तिला वाटलं, आपण जीभ आवरायला हवी होती. सर रागावले नाहीत. रागावण्याइतकं त्राण त्या दिवशी त्यांच्यात नव्हतंच.

"आईला खाली न्यायचं तर दोन माणसं लागतात," ते म्हणाले. "रोज कुठून आणणार ती?"

"मग एक राहू दे ना, सर."

"एक राहिला तर कोणालाच काही मिळत नाही. तिलाही नाही." त्यांनी आवाज उगाच समजावणीचा केला. "बाकीचा दिवस तर गार जाईल ना तिचा. रात्रीची झोप तरी धड लागेल. दुपारचे दोन तास काय, काढेल ती. आजवर काढलेच की."

तिला ते पटलं. पटलं म्हणूनच जास्त वाईट वाटलं. तिने कीबोर्ड त्यांच्यासमोर सरकवला. "तुम्हीच टाका, सर."

यात टोमणा नव्हता, तिचा हात धजत नव्हता इतकंच. सरांनी एका बोटाने एक खोडला आणि शून्य टाकलं. प्रोग्रॅमने ऊन मोजलं. या वेळी कोणी जांभई दिली नाही.

"हिरवं," ती म्हणाली.

"हं. पाठवून दे."

तिने अहवाल पाठवला. काम फत्ते झाल्यावर चहा मागवायची ऑफिसात पद्धत होती, पण तिला विचारायचा धीर झाला नाही. सर उठून खिडकीशी गेले. ऊन तिरपं होऊन आतल्या टेबलांपर्यंत आलं होतं. एसीच्या गारव्यात ते अंगावर बरं वाटत होतं. तिथेच उभं राहून त्यांनी फोन लावला.

"नमस्कार. जरा कोणाला वरच्या मजल्यावर पाठवता का? पश्चिमेच्या खोलीत. ऊन थेट कॉटवर येतं तिथे. तेवढा पडदा ओढून घेतला तर..."

पलीकडे कपबशांचा आवाज येत होता. फोनवरच्या बाईंचा आवाज असा खणखणीत, की मॉडेलवालीला बसल्या जागी शब्द न् शब्द ऐकू आला.

"आत्ता वर कशाला, साहेब?" बाई म्हणाल्या. "चहा चाललाय ना. सगळे खालीच आहेत. वर आत्ता कोणी नाही."