खडकावरची घंटा

"तीन ठोके! माझ्या या कानांनी ऐकलेत," असं म्हणत जाड्याने चमच्याने कप वाजवून दाखवला. शेजारच्या टेबलावरच्या मुलामुलींनी माना वळवल्या. जाड्याला तेच हवं होतं.

विद्यापीठाच्या कँटीनमधलं खिडकीजवळचं टेबल अजूनही एका पायाने लंगडत होतं. बाहेर तोच समुद्र, आणि पाण्यात दूरवर तोच काळा खडक. फक्त खडकावरची घंटा आता तिथे नव्हती. ती आणून बागेत टांगली होती, आणि आज तिच्याखाली एक पाटी लागायची होती. पाटीवर एकच नाव होतं. त्या नावाचा मालक छाती फुगवून चहा पीत बसला होता.

हॉस्टेलात त्याला दर्यावर्दी म्हणत. हे नाव त्या घंटेनंतर पडलं. त्याआधी त्याला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं.

"आता तूच सांग," जाड्या म्हणाला. जाड्या म्हणजे त्याचा तेव्हाचा खोलीतला जोडीदार. हल्ली वाळून काडी झाला होता, पण नाव काही सुटलं नव्हतं.

दर्यावर्दीला आग्रह लागत नव्हता. "मी हिला मागणी घातली ती याच टेबलावर," तो बायकोकडे बोट दाखवत म्हणाला. "तर ही म्हणते, पोहत जाऊन ती घंटा वाजव, मग हो म्हणेन. अर्धं हॉस्टेल ऐकत होतं! मी म्हटलं, उद्या संध्याकाळी."

"चेष्टेत बोलून गेले," बायको म्हणाली. "पण सगळ्यांसमोर बोलले ना! मागे कशी घेणार?"

"मी पाण्यात उतरलो आणि धुकं आलं. स्वतःचा हात दिसेना."

"आम्ही तर तुझ्या नावाने आंघोळ करायची तयारी केली होती," जाड्या म्हणाला. "तेवढ्यात टण्ण, टण्ण, टण्ण! आणि तो खडक म्हणजे नुसते धारदार शिंपले. अनवाणी पाय ठेवला की चिरला. या पठ्ठ्याच्या तळव्याला ओरखडा नाही!"

"नशीब लागतं," दर्यावर्दी म्हणाला आणि लगेच आवडत्या भागाकडे वळला. "आणि ही कुठे? प्रयोगशाळेत! त्याच खडकावरून आणलेल्या शिंपल्यांत डोकं घालून. मी बाहेर येऊन कपडे बदलले, चहा घेतला, तेव्हा बाईसाहेब आल्या. धुक्याने केस चिंब, आणि पायात एकच चप्पल! माझ्या काळजीने अशी धावली, की दुसरी वाटेत गळाली तरी पत्ता नाही. आली आणि म्हणाली, हो."

"गळाली खरी," बायको म्हणाली आणि तिने चहात बिस्कीट बुडवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला नवी जोडी घेऊन दिली. पण लाकडी तळाची ती एकटी चप्पल तिने टाकली नाही. किती घरं बदलली, दर वेळी ती सामानात निघायची. मग तो पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवायचा. टाचेला तीन खाचा होत्या. धावताना दगड लागले असणार, असं तो बोट लावून समजावायचा. आजही त्याने हौसेने ती आणायला लावली होती. बायकोच्या मांडीवरच्या कापडी पिशवीत ती होती.

संसार झकास झाला होता. मुलांना पोहायला बायकोनेच शिकवलं. दर्यावर्दी टॉवेल सांभाळत काठावर बसायचा. समुद्र पोहलेल्या माणसाला या डबक्यात काय मजा, असं तो म्हणायचा आणि ते सगळ्यांना पटायचं.

चहा संपवून तिघं बागेकडे निघाले. पाटीचं त्याला कौतुक होतंच. पण त्याची खरी कमाई शेजारून चालत होती. त्या दिवशी ते ठोके पडले नसते, तर ही बाई आज दुसऱ्याच कुणाबरोबर चालत असती. या विचाराने त्याला अजूनही धस्स व्हायचं.

कुलसचिवबाई वाटच पाहत होत्या. माणसंही बरीच जमली होती. "आधी घंटा वाजवा," त्या म्हणाल्या, "मग पडदा काढू."

दर्यावर्दी ऐटीत पुढे झाला. त्याने घंटेखाली हात घातला. हाताला काहीच लागलं नाही.

"अरे, हिचा लोलक कुठेय?" जाड्याने वाकून पाहिलं.

"नाहीच," कुलसचिवबाई म्हणाल्या. "तुम्ही इथे शिकायला येण्याआधीच एका वादळात तुटून समुद्रात गेला. मच्छीमार जाता-येता वल्ह्याने ठोकायचे. तेच तर तुम्हाला विचारायचं होतं. तुमच्याकडे वल्हं नव्हतं, मग कशाने वाजवलीत?"

दर्यावर्दीने घंटेखालचा हात मागे घेतला. तो अर्ध्यातूनच मागे फिरला होता. धुक्यात दिशा चुकून, गटांगळ्या खात, कसाबसा काठाला लागत होता, तेव्हा पाठीमागे घंटा वाजली. वाऱ्याने वाजली, असं त्याने धरलं. चाळीस वर्षं तो मनातल्या मनात वाऱ्याला हात जोडत आला होता. पण लोलकच नसेल तर वारा काय वाजवणार?

सगळे त्याच्याकडे पाहत होते. बायकोकडे पाहायची त्याची हिंमत झाली नाही.

"बोल ना रे," जाड्या म्हणाला.

"त्याला नसेल आठवत," बायको म्हणाली. तिने पिशवीतून ती एकटी चप्पल काढली आणि त्याच्या हातात दिली. मग कानाशी लागून, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "टाचेने मार. मी तशीच वाजवली होती."