दंततपासणी

"वायर बदलली, कार्ड रीडर बदलला, कॉम्प्युटरही बदलून पाहिला," केतकी म्हणाली. "फोटो येतोय हो काका, पण बाबा म्हणतात, ही तुझी आई नव्हेच!"

आई गेली तेव्हा केतकी दीड वर्षाची होती. माळ्यावर सापडलेल्या या जुन्या कॅमेऱ्यात आईचा एकच फोटो होता आणि कॅमेऱ्याची स्क्रीन फुटलेली होती.

दुरुस्तीवाल्या कासारकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कॅमेरा ठणठणीत आहे. हल्लीचे कॉम्प्युटर माणसाचा चेहरा आत घेतानाच सुबक करून टाकतात. नको म्हणायची सोयच ठेवलेली नाही मेल्यांनी. फक्त डॉक्टरी फोटोंना हात लावत नाहीत. तिथे दोष दिसलाच पाहिजे, असा कायदा आहे."

त्यांनी वायर पुन्हा जोडली. कॉम्प्युटरने 'कसला फोटो?' असं विचारताच त्यांनी बिनदिक्कत 'दंततपासणी' निवडलं.

आई आली. ती मनमोकळी हसत होती आणि तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये तांदळाचा दाणा मावेल एवढी फट होती.

केतकीची जीभ आपोआप स्वतःच्या दातांमधल्या फटीकडे गेली. मग तिने फोन काढला आणि ती फट बुजवायला घेतलेली उद्याची वेळ रद्द केली.