दोन नाकांचा पैसा

कोणती चूक टांकसाळीतली आणि कोणती इजा नंतरची, हे चुनीलाल भिंगातून बघताच सांगायचा. अख्ख्या कोरीट गावात जुन्या नाण्यांचा असा पारखी दुसरा नव्हता.

दुपारी त्याचा जिवाभावाचा दोस्त छगन ओसरीवर आला. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी होती, म्हणून डाव्या हातानं त्यानं चुनीलालसाठी आणलेला तांब्याचा पैसा पुढे केला.

“मोलगीना बाजारमा भेटना. तुन्हाकरता लई उनू.”

छाप दोनदा बसल्यानं राजाला दोन नाकं आली होती. असा पैसा चुनीलालनं जन्मात एकच पाहिला होता. तो त्यानं परवा तापीकाठी, चितेवरच्या आपल्या बायकोच्या, जमनाबाईच्या तोंडात स्वतः ठेवला होता. तेव्हा तिच्या उशाशी छगनच उभा होता.

पैशाला आगीची झळही लागलेली नव्हती. म्हणजे अग्नी देण्याआधीच कोणीतरी तो काढला होता.

चुनीलालनं भिंग उचललं.

कडेला नवी इजा होती. तांब्यात दात रुतले होते. मधल्या एका दाताची जागा तेवढी कोरी होती. जमनाबाईचा पुढचा दात गेल्या दिवाळीतच पडला होता.

“छगन, बोट दखाड.”

छगननं मान खाली घालून चिंधी सोडली. बोटावर तेच दात उठले होते, आणि मधली तेवढी जागा कोरी होती.